ज्यूलचे भांडे आणि घाटातील ओझे

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात मिठबाव हे समुद्रकाठचे गाव आहे. आंब्याच्या हंगामात या पट्ट्यातील हापूसच्या पेट्या ट्रकमध्ये भरून बाहेर जातात, मासळीही जाते. माल कोल्हापूरकडे न्यायचा तर नांदगावमार्गे फोंडाघाट किंवा पलीकडचा करूळ घाट चढावा लागतो. म्हणजे समुद्राकाठी भरलेली प्रत्येक पेटी घाटमाथ्यापर्यंत अक्षरशः उचलून न्यावी लागते.

हे उचलण्याचे काम इंजिन करते, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण इंजिनाने केलेले सगळे काम चाकांपर्यंत पोचते का? पोचत नसेल तर उरलेले जाते कोठे? आणि ते किती जाते आहे, हे चालकाला कळावे कसे? हे तीन प्रश्न वाटतात साधे. पण त्यांची उत्तरे मिळवण्यात शास्त्रज्ञांची आणि अभियंत्यांची सुमारे दोनशे वर्षे गेली आहेत. या लेखात आम्ही तो इतिहास थोडक्यात मांडणार आहोत. त्याचे सार आधीच सांगून टाकतो. जड ओझे किती वेळ ओढता येईल, हे पुष्कळदा इंजिनाच्या ताकदीवर ठरत नाही. ओढताना यंत्रात तयार होणारी उष्णता किती वेगाने बाहेर टाकता येते, यावर ते ठरते.

आधी एक हिशेब

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल असा हिशेब करूया. मालासह ट्रकचे वस्तुमान १६ टन, म्हणजे १६,००० किलोग्रॅम धरू. घाटमाथा ६०० मीटर उंच धरू. गुरुत्व त्वरण ९.८. तिन्हींचा गुणाकार केला की सुमारे ९.४ कोटी ज्यूल इतके कार्य येते. रस्त्याचे घर्षण आणि हवेचा विरोध येथे सोडून दिला आहे.

इंजिन आणि चाके यांच्या मध्ये क्लच, गिअरबॉक्स वगैरे जी साखळी असते तिला ट्रान्समिशन म्हणतात. समजा, हे ट्रान्समिशन इंजिनाकडून आलेल्या ऊर्जेपैकी ९० टक्केच पुढे पोचवते. मग इंजिनाला सुमारे १०.५ कोटी ज्यूल पुरवावे लागतील आणि त्यांतले सुमारे एक कोटी ज्यूल वाटेतच राहतील. ते नाहीसे होत नाहीत. ते ट्रान्समिशनमधील तेलात आणि धातूत उष्णतेच्या रूपाने उतरतात. एक कोटी ज्यूल म्हणजे किती? ३० अंश सेल्सिअसचे सुमारे ३५ लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्यास लागणारी उष्णता! चढ अर्ध्या तासात संपला असे मानले, तर एक किलोवॅटच्या सुमारे सहा विजेच्या शेगड्या अर्धा तास तेलात बुडवून ठेवण्यासारखे हे झाले.

आता तेल १० किलोग्रॅम आणि त्याचा विशिष्ट उष्मा पाण्याच्या साधारण निम्मा, म्हणजे २,००० ज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश धरू. उष्णता बाहेर पडायला वावच नसता, तर या तेलाचे तापमान गणिताने ५०० अंशांनी वाढायला हवे होते. प्रत्यक्षात ते इतके वाढत नाही, कारण गिअरबॉक्सच्या कवचावरून वारा वाहतो आणि जेथे तेल थंड करणारा कूलर असतो तेथे तो उष्णता काढून घेतो. परंतु या आकड्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. तेलाचे तापमान हा एका शर्यतीचा निकाल असतो. उष्णता तयार होण्याचा वेग आणि ती बाहेर जाण्याचा वेग, यांची ही शर्यत.

तोफ, रक्त आणि वल्ही

घर्षणाने उष्णता निर्माण होते, हे अग्निमंथन करणाऱ्या आपल्या पूर्वजांनाही माहीत होते. पण अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उष्णता हा 'कॅलॉरिक' नावाचा एक वजनरहित द्रव आहे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानत. १७९८ मध्ये काउंट रम्फर्ड याने म्युनिकच्या शस्त्रागारातील निरीक्षणे प्रसिद्ध केली. तोफेच्या नळीला भोक पाडताना, तेही बोथट हत्याराने, भोवतीचे पाणी उकळू लागे आणि हत्यार फिरत राही तोवर उष्णता मिळतच राही. जी वस्तू संपतच नाही ती पदार्थात साठवलेला द्रव कशी असेल, असा त्याचा प्रश्न होता.

१८४० मध्ये यूलिउस रोबर्ट मायर हा तरुण जर्मन डॉक्टर डच जहाजावरून जावा बेटाकडे गेला. उष्ण कटिबंधात खलाशांचे शिरांतील रक्त नेहमीपेक्षा अधिक लाल दिसते, हे त्याच्या ध्यानात आले. शरीराला ऊब राखण्यासाठी येथे कमी इंधन जाळावे लागत असणार, असा विचार करता करता तो उष्णता आणि कार्य यांच्या समतुल्यतेपर्यंत पोचला. त्याचा निबंध १८४२ मध्ये प्रसिद्ध झाला.

या विचाराला नेमका आकडा दिला तो मँचेस्टरजवळच्या जेम्स प्रेस्कॉट ज्यूल याने. त्याचे उपकरण प्रत्येक शिक्षकाने फळ्यावर काढलेले असते. पाण्याने भरलेल्या भांड्यात वल्ही. वल्ह्यांच्या दांड्याला दोरी. दोरीला कप्पीवरून सोडलेली वजने. वजने खाली येतात, वल्ही फिरतात, पाणी घुसळले जाते आणि तापते. १८५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्रत्येकी सुमारे १३ किलोग्रॅमची दोन वजने सुमारे १.६ मीटर खाली येत आणि हे २० वेळा करावे लागे. एवढे करून पाण्याचे तापमान वाढे फक्त सुमारे ०.३ अंश सेल्सिअस! एवढी बारीक वाढ मोजता आली, हेच ज्यूलचे कौशल्य. एक पौंड पाणी एक फॅरनहाइट अंशाने तापवण्यास ७७२ फूट-पौंड कार्य लागते, असा त्याचा निष्कर्ष होता. आजच्या स्वीकृत मूल्याशी तो एका टक्क्याच्या आत जुळतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या भांड्याकडे थोडे निराळ्या नजरेने पाहावे लागेल. ज्यूलचे भांडे हे एक प्रकारचे ट्रान्समिशनच आहे; मात्र त्याच्या दुसऱ्या टोकाला काहीच जोडलेले नाही. एका बाजूने कार्य आत जाते, दुसऱ्या बाजूने काहीच बाहेर पडत नाही. म्हणून सगळे कार्य पाणी तापवण्यात खर्च होते. हे चित्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

वाफेला जमले ते डिझेलला जमेना

१८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे सुरू झाली. तेथील चढ ३७ मीटरला एक मीटर, असा होता. मदतीला जादा इंजिन जोडून गाड्या वर चढवल्या जात. १९०७ मध्ये नेरळ–माथेरान ही छोटी रेल्वे सुरू झाली. तिचा चढ तर २० मीटरला एक मीटर. तुलनेसाठी सांगायचे, तर १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेचा कमाल चढ १५० मीटरला एक मीटर एवढाच ठेवलेला आहे. केवळ चढामुळे दर टनामागे लागणारे बल माथेरानला सुमारे ४९० न्यूटन, भोर घाटात सुमारे २६५ आणि कोकण रेल्वेवर सुमारे ६५ न्यूटन येते.

वाफेच्या इंजिनांनी हे घाट गिअरबॉक्सशिवाय चढले. वाफ सिलिंडरमध्ये शिरली की चाक स्थिर असतानाही दट्ट्यावर पूर्ण दाब देते. म्हणजे वेग शून्य असताना ओढ सर्वांत जास्त. ओझे हलवताना नेमके हेच हवे असते. डिझेल किंवा पेट्रोल इंजिनाचा स्वभाव उलटा. ते फिरत असेल तरच त्यात जोर असतो. थांबवले की बंद पडते. म्हणून फिरते इंजिन आणि स्थिर चाक यांच्यामध्ये घसरू शकेल असे काहीतरी असावे लागते. मोटारीत हे काम क्लच करतो. घाटात मागून-पुढून वाहने अडली असता जो चालक क्लच अर्धा दाबून गाडी जागेवर तोलून धरतो, तो त्या काळापुरते ज्यूलचे भांडेच चालवत असतो. गाडी हलत नाही, म्हणजे उपयुक्त कार्य शून्य. इंजिनाची सगळी शक्ती क्लचच्या चकत्या तापवण्यात जाते. थोड्याच वेळात जळकट वास येतो, तो याचाच.

जहाजातून आलेली युक्ती

घसरण्याचे हे काम चकत्यांऐवजी द्रवाकडून करून घेण्याची कल्पना रस्त्यावर जन्मली नाही. ती जहाजांतून आली. १८७७ मध्ये विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने जहाजांच्या इंजिनांची शक्ती मोजण्यासाठी पाण्याचा ब्रेक तयार केला. त्यात समोरासमोर ठेवलेल्या दोन चकत्यांवर वाटीसारखे खळगे होते. एक चकती इंजिन फिरवी, दुसरी स्थिर धरलेली असे आणि मध्ये पाणी. फिरती चकती पाण्याला भिरकावी, स्थिर चकतीवर त्याचा पीळ बसे आणि तो मोजता येई. शक्ती सगळी पाण्यात उतरून उष्णता होई. इंजिनांच्या चाचणीत आजही या तत्त्वाचे डायनॅमोमीटर वापरले जातात.

पुढची पायरी जर्मनीतील हेर्मान फॉटिंगर याची. तो श्टेटिन येथील व्हुल्कान जहाजबांधणी कंपनीत काम करत होता. वाफेची टर्बाइने फार वेगाने फिरत आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरलेला बरा असे. दोघांना जोडायचे कसे? फ्रूडने दुसरी चकती धरून ठेवली होती. फॉटिंगरने ती मोकळी सोडून पंख्याला जोडली. मधोमध द्रवाला वळण देणारी स्थिर पाती बसवली. १९०५ मध्ये त्याने याचे पेटंट घेतले. हाच आजचा टॉर्क कन्व्हर्टर. मोकळी चकती सावकाश फिरत असताना हे यंत्र इंजिनाचा पीळ दुप्पट-तिप्पट करून पुढे देऊ शकते. वाफेच्या इंजिनाचा गुण अशा रीतीने तेलाच्या साहाय्याने डिझेलला मिळाला.

परंतु निसर्ग फुकट काही देत नाही. दुसरी चकती जितकी सावकाश फिरेल तितका पीळ जास्त आणि तितकीच कार्यक्षमताही कमी. ती पूर्ण थांबली असेल तर कार्यक्षमता शून्य. फॉटिंगरचे यंत्र पुन्हा ज्यूलचे भांडे होते. आपला मघाचा हिशेब येथे लावून पाहू. १०० किलोवॅट शक्ती १० किलोग्रॅम तेलात उतरू लागली तर दर सेकंदाला ५ अंश! ८० अंशांचे तेल १४ सेकंदांत १५० अंशांवर जाईल. भोवतीचा धातू काही उष्णता शोषतो म्हणून प्रत्यक्षात थोडा अधिक वेळ मिळतो, इतकेच. चाके रोखून टॉर्क कन्व्हर्टरची चाचणी घेताना ती सुमारे पाच सेकंदांहून अधिक चालवू नये, अशी ताकीद कार्यशाळेच्या पुस्तकांत का असते, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

१९३० मध्ये इंग्लंडमधील डेमलर कंपनीने मोटारींत द्रव-जोड वापरला. १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत जनरल मोटर्सने पूर्ण स्वयंचलित 'हायड्रा-मॅटिक' आणले आणि १९४८ मध्ये ब्यूइक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर आला. तेलाला आता तीन कामे आली: शक्ती वाहून नेणे, वंगण देणे आणि उष्णता बाहेर काढणे. उष्णतेत टिकेल असे तेल हवे म्हणून त्यात स्पर्म व्हेल या देवमाशापासून काढलेले तेल मिसळले जाई. १९७० मध्ये अमेरिकेने हा देवमासा संरक्षित प्रजातींच्या यादीत घातला आणि रसायनशास्त्रज्ञांना त्याच्या तोडीचे पर्याय शोधावे लागले. वाळवंटात वाढणाऱ्या होहोबा या झुडपाच्या बियांचे तेल हा त्या शोधातला एक पर्याय.

जड गाड्यांनी घेतलेली परीक्षा

हलक्या मोटारीत जे चालते ते जड ओझ्याखाली टिकेलच असे नाही. १९६१ मध्ये अमेरिकेतील सदर्न पॅसिफिक आणि डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या दोन रेल्वे कंपन्यांनी जर्मनीतील क्राउस-माफाय कंपनीची सुमारे चार हजार अश्वशक्तीची द्रवचालित डिझेल इंजिने प्रत्येकी तीन विकत घेतली. तेथील पर्वतांत जड मालगाड्या पूर्ण शक्तीने दीर्घ काळ चढवाव्या लागत. बोगद्यांतील तापलेल्या हवेत इंजिनांची शक्ती घटे आणि देखभालही किचकट होती. रिओ ग्रँडने १९६४ मध्येच आपली इंजिने विकली. १९६८ पर्यंत सदर्न पॅसिफिकनेही ती मालगाड्यांच्या सेवेतून काढली. कागदावरील अश्वशक्ती तीच. फरक पडला तो ती किती वेळ आणि कशा हवेत द्यायची, यामुळे.

तेलाऐवजी वीज वापरली म्हणून हा प्रश्न सुटतो, असेही नाही. १९२९ मध्ये मुंबई–पुणे मार्गावर विजेची गाडी पुण्यापर्यंत पोचली. विजेच्या इंजिनाची शक्ती सांगताना अभियंते दोन आकडे देतात: एक सतत देता येण्याजोगी शक्ती आणि दुसरी एक तासापुरती देता येण्याजोगी. मोटार तीच, विद्युतदाब तोच, मग दोन आकडे का? कारण तासापुरत्या शक्तीत गुंडाळीचे तापमान मर्यादेला पोचायला तेवढा वेळ लागतो. म्हणजे येथेही ओझ्याची मर्यादा तापमापीच सांगते.

भारतीय रेल्वेत या प्रश्नावर मूलभूत काम केले ते मनमोहन सुरी यांनी. त्यांनी डिझेल इंजिनांसाठी द्रव आणि यांत्रिक अशा दोन्ही पद्धतींचा मेळ घालणारे ट्रान्समिशन तयार केले. ते 'सुरी ट्रान्समिशन' या नावानेच ओळखले जाते. १९६२ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक त्यांना मिळाले. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे ते संचालकही होते. चित्तरंजन येथे बांधलेल्या डब्ल्यूडीएस-४ या शंटिंग इंजिनांत त्यांचे ट्रान्समिशन बसवले गेले. रेल्वेसाठी द्रवचालित ट्रान्समिशन बनवण्याचे काम पुण्यातही, किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीत, झाले. या मेळामागचे सूत्र सोपे आहे. गाडी हलवताना तेलाची मदत घ्या. गाडीने वेग घेतला की तेलाला बाजूला सारून सरळ दाताला दात जोडा. पॅकार्ड मोटारींत १९४९ मध्ये आलेला, टॉर्क कन्व्हर्टरच्या दोन्ही चकत्या वेग आल्यावर एकमेकींना जखडणारा क्लच हाही याच विचाराचा. तेल घसरत नाही तेव्हा तापतही नाही.

तापमान सांगणार कोण?

तेल तापले तर बिघडते काय? पहिली गोष्ट, ते पातळ होते आणि दातांमधील त्याचा थर तुटतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १८८९ मध्ये स्वांटे अऱ्हेनियस याने उसाच्या साखरेच्या विघटनाचा अभ्यास करून रासायनिक अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर कसा झपाट्याने वाढतो, याचे सूत्र दिले. तेलाचे ऑक्सिडीभवन हीही अभिक्रियाच. ढोबळ नियम असा, की नेहमीच्या तापमानाच्या वर दर १० अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते. ८० अंशांना जे तेल टिकले असते, ते ११० अंशांना एक-अष्टमांश काळ आणि १२० अंशांना एक-षोडशांश काळच टिकेल. त्याहून वर त्याचा चिकट थर झडपांवर बसतो, रबरी सील कडक होतात, क्लचच्या चकत्या जळतात.

दुर्दैवाने हे सारे बंद पेटीत घडते. इंजिनाच्या पाण्याचे तापमान दाखवणारा काटा बहुतेक वाहनांत असतो. ट्रान्समिशनच्या तेलाचा मात्र मोटारींत क्वचितच असतो. जुने चालक घाटमाथ्यावर थांबून बॉनेटखालचा वास घेत. पट्टी बाहेर काढून तेलाचा रंग पाहत. तांबडे तेल तपकिरी झाले आणि त्याला जळका वास आला, की समजावे. पण रंग बदलेपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते. रंग झाल्या गोष्टीची नोंद देतो; तापमान चालू गोष्टीची.

म्हणून खाणींतील मोठे डंपर आणि बुलडोझर यांच्यात कन्व्हर्टरच्या तेलाचा काटा चालकासमोर असतो. पूर्वी असे काटे द्रव भरलेल्या फुग्याचे आणि बारीक नळीचे असत. तापमान वाढले की फुग्यातील दाब वाढे आणि १८४९ मध्ये बूर्दाँ या फ्रेंच कारागिराने शोधलेली वाकडी नळी सरळ होऊ पाहून काटा फिरवी. आता बहुतेक ठिकाणी थर्मिस्टर असतो. तापला की त्याचा विद्युत रोध कमी होतो. धातूंच्या उलट वागणारा हा गुण मायकेल फॅरडे याने १८३३ मध्येच सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. त्याचा उपयोग व्हायला शंभर वर्षे जावी लागली.

संवेदक कोठे बसवला आहे, हेही महत्त्वाचे. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या तेलाचे तापमान चढावर काही सेकंदांत उसळी घेते. तळाच्या टाकीतील तेल मागाहून, सावकाश तापते. पहिला आकडा या क्षणी काय चालले आहे ते सांगतो, दुसरा एकूण साठा सांगतो. एकच आकडा पाहून दुसऱ्याचा निष्कर्ष काढू नये.

समुद्रातील ओढ

फॉटिंगरची युक्ती समुद्रावरून जमिनीवर आली, पण समुद्रावरील प्रश्न संपलेला नाही. मालवण–देवगडच्या पट्ट्यात मासेमारीची यांत्रिक नौका समुद्रतळाशी जाळे ओढते, तेव्हा ती ताशी काही मैलांच्या संथ गतीने पण भरपूर जोर लावून तासन्‌तास चालत असते. घाट चढणाऱ्या ट्रकपेक्षा ही परीक्षा एका अर्थी कठीण, कारण या घाटाला माथाच नाही. इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये उलट-सुलट फिरवणारी गिअरबॉक्स असते. तिच्यातील क्लच पुष्कळदा तेलाच्या दाबाने दाबले जातात आणि ते तेल कूलरमधून समुद्राच्या पाण्याने थंड केले जाते.

समुद्रात थंड पाण्याला तोटा नाही, असे वाटेल. पण ते पाणी एका जाळीतून आत येते. त्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी किंवा शेवाळ अडकले, की पाणी कमी येते. कूलरच्या नळ्यांत क्षार साचले तरी तेच. मग तेल तापते, पातळ होते. पातळ झाल्याने त्याचा दाब घटतो. दाब घटल्याने क्लच घसरू लागतो आणि घसरल्याने तेल आणखी तापते. कारणाचा परिणाम आणि परिणामाचे पुन्हा कारण, असे हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही. इंजिनाचा आवाज ठीक असतो, पण पंख्याचा जोर गेलेला असतो. किनारा दूर आणि वारा सुटलेला असेल, तर तांडेलाच्या दृष्टीने हा केवळ यंत्राच्या दुरुस्तीचा प्रश्न राहत नाही. खलाशांचे प्राण त्यावर अवलंबून असतात. वेळीच दिसलेला एक वाढता आकडा हे चक्र सुरुवातीलाच तोडू शकतो: जाळे सैल सोडा, इंजिनाची गती कमी करा, पाण्याची जाळी साफ करा.

घाटातही उपाय याच जातीचे आहेत. चढ सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्यावा. थांबलेली गाडी क्लचवर न तोलता ब्रेकवर धरावी. स्वयंचलित गाडीचे तेल तापल्याची सूचना आली तर सुरक्षित जागी थांबून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ चालू द्यावे. म्हणजे पंप तेलाला कूलरमधून फिरवत राहतो आणि उष्णता बाहेर जाते. यांतले काहीही पाठ करावे लागत नाही. उष्णता कोठे तयार होते आणि कोठून बाहेर जाते, हे समजले की उपाय आपोआप सुचतात.

वर्गातील ज्यूल

ज्यूलचा मूळ प्रयोग शाळेत जमणे कठीण. त्याऐवजी एक सोपा प्रयोग सुचवतो. सुमारे एक मीटर लांबीची जाड पुठ्ठ्याची नळी घ्यावी. तिच्यात अर्धा किलोग्रॅम शिशाचे छर्रे घालून दोन्ही तोंडे बुचांनी बंद करावीत. छर्ऱ्यांचे तापमान आधी मोजावे. मग नळी झटक्याने उलटी करावी, छर्रे खाली पडू द्यावेत, पुन्हा उलटी करावी. असे ५० वेळा करावे आणि लगेच तापमान पाहावे. शिशाचा विशिष्ट उष्मा सुमारे १३० ज्यूल आहे. ९.८ गुणिले १ गुणिले ५०, भागिले १३०, म्हणजे सुमारे ३.८ अंश वाढ अपेक्षित आहे. प्रत्यक्षात तीनच्या आसपास मिळाली तरी समाधान मानावे आणि उरलेले अंश कोठे गेले, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. छर्ऱ्यांचे वस्तुमान या हिशेबात का लागले नाही, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. शिसे विषारी असल्याने छर्रे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

थर्मिस्टर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात मिळतो. तो मल्टिमीटरला जोडून वेगवेगळ्या तापमानांच्या पाण्यात धरावा, रोधाचे आकडे नोंदवावेत आणि आलेख काढावा. वाहनातील काट्यामागचे तत्त्व विद्यार्थ्यांनी मग स्वतःच शोधलेले असेल.

'ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही' हे वाक्य आपले विद्यार्थी परीक्षेत बिनचूक लिहितात. पण या वाक्यामागोमाग एक प्रश्न आपोआप यायला हवा: मग ती गेली कोठे? रम्फर्डने तो तोफेच्या नळीजवळ विचारला, ज्यूलने वल्ह्यांच्या भांड्याजवळ आणि सुरी यांनी रेल्वेच्या इंजिनाजवळ. किनारपट्टीवरील शाळांतील कित्येक मुले उद्या ट्रकच्या किंवा नौकेच्या चाकामागे बसतील. काट्यावरचा आकडा चढताना पाहून त्यांना हा प्रश्न पडला, तर त्यांचे यंत्र वाचेल, माल वाचेल आणि एखाद्या वेळी माणसेही वाचतील.